भिंतीला पाणी सुटलंय

आमच्या सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर समुद्र आहे. साठ फूट लांब आणि साडेपाच फूट उंच. पाऊस सरून चार दिवस कडक ऊन पडलं की या समुद्राला मीठ येतं. अगदी खरंखुरं मीठ. बोटाने पुसून जिभेला लावलं तर खारट लागतं. हा प्रयोग मी स्वतः केला आहे आणि तो करताना मला तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पाहिलं आहे. त्या भिंतीचा पूर्वेतिहास मला चव घेऊन झाल्यावर आठवला, ही गोष्ट वेगळी.

पूर्वेतिहास असा. भिंत रस्त्याकडेला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषवर्गाचा असा पक्का समज होता की ती आपल्याच सोयीसाठी बांधलेली आहे. आम्ही 'येथे लघवी करू नये' असं लिहिलं. आठ दिवसांत कोणीतरी 'नये' पुसून त्या जागी 'या' केलं. मग देवांच्या टाइल्स लावल्या. देवांनी दोन महिने दम धरला. नंतर लोक देवाला हात जोडून चार पावलं पुढे सरकू लागले. तेव्हा एका तरुण सभासदाने सुचवलं, की आपण चित्र काढू, सुंदर चित्रासमोर माणूस असलं काही करायला धजत नाही. हा मुलगा तेव्हा नुकताच पुण्याहून आला होता आणि मनुष्यस्वभावाविषयी त्याचं मत चांगलं होतं.

भित्तिचित्र समिती नेमली गेली. अध्यक्ष मी. कारण शाळेत असताना मला एलिमेंट्री ड्रॉइंगच्या परीक्षेत बी ग्रेड मिळाली होती आणि हे मी गेली चाळीस वर्षं सांगत आलो आहे. अशी माहिती जपून सांगावी. कधीतरी ती अंगावर येते.

चित्र कशाचं काढायचं यावर तीन बैठका झाल्या. पहिला ठराव अर्थातच वारलीचा. महाराष्ट्रात मोकळी भिंत दिसली की तिच्यावर वारली काढायची, हा बहुधा आता भूमी अभिलेखाचा नियम असावा. दोन त्रिकोण, एक गोल, चार काड्या, हेडमास्तरांनाही जमतं. पण शेजारच्या सोसायटीने वारली आधीच काढली होती, आणि शेजारच्यांसारखं काही करायचं नाही हा आमच्या सोसायटीचा एकमेव लिखित नसलेला आणि पाळला जाणारा पोटनियम आहे. मग शिवाजी महाराजांचं नाव निघालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा आमचे निवृत्त इंजिनिअरसाहेब हळूच म्हणाले, "भिंत ओली आहे. पोपडा नेमका कुठे सुटेल ते सांगता येत नाही. तो नाकाचाच सुटला तर?"

सभा गार. लोकमान्यांचा जन्म आमच्या गावचा, त्यामुळे पुढचा ठराव त्यांचा येणार होता. तो कोणी मांडलाच नाही. शेवटी समुद्र ठरला. समुद्राच्या भावना दुखावत नाहीत. वर आभाळ, खाली दर्या, मध्ये एक होडी, डावीकडे दीपस्तंभ, उजवीकडे हापूसची फांदी. सेक्रेटरींच्या नातीच्या हट्टाखातर एक डॉल्फिनही आला.

आता भिंतीची माहिती सांगायला हवी. ती जांभ्या चिऱ्याची आहे. चिरा म्हणजे दगडाच्या वेषातला स्पंज. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो छत्रीवाल्यांना जितका मिळतो तितकाच चिऱ्यालाही मिळतो, आणि चिरा मिळालेलं सोडत नाही. या चिऱ्यावर आम्ही चित्रासाठी म्हणून खास नवा सिमेंटचा गिलावा चढवला. कंत्राटदाराने वाळू स्वस्तात आणली. ती खाडीची होती, म्हणजे मीठ घालूनच आली होती. सव्वीस जानेवारीला उद्घाटन ठरलेलं आणि गिलावा झाला अठरा तारखेला. हार्डवेअरच्या दुकानातला पोऱ्या म्हणाला, "निदान अठ्ठावीस दिवस सुकू द्या हो."

"अठ्ठावीस?" सेक्रेटरी म्हणाले, "हल्ली साखरपुडा आणि लग्न यांच्यातही एवढं अंतर नसतं."

पेंटरने ऑइल पेंट वापरला. तो धुता येतो, असं त्याचं म्हणणं. उद्घाटन थाटात झालं. नगरसेवकांनी फीत कापली, 'कोकणचं वैभव' हा शब्द सात वेळा उच्चारला आणि अभावितपणे दीपस्तंभाला टेकले. त्यांचा पांढरा सदरा आणि आमचा दीपस्तंभ यांचा तिथे जो संबंध जुळला, तो नंतर तीन धुण्यांनीही तुटला नाही म्हणे.

रंग वाळेचना. होळी आली तरी हाताला चिकट. पाडव्याला होडीवर बसलेली माशी तिथेच राहिली. मी इंजिनिअरसाहेबांना विचारलं. ते प्रसन्न हसले. निवृत्त माणसाला कोणी तांत्रिक प्रश्न विचारला की तो असा हसतो. म्हणाले, "ओला सिमेंटचा गिलावा म्हणजे कडक क्षार. ऑइल पेंटमध्ये तेल. तेल अधिक क्षार बरोबर काय?"

"काय?"

"साबण. तुम्ही साठ फुटी साबणाची वडी केली आहेत."

जूनच्या पहिल्या सरीत आमच्या समुद्राला फेस आला. हे मी वाढवून सांगतो, असं काकूंचं म्हणणं आहे. पण मी पाहिला आहे. लाटांच्या ओळीने, अगदी जिथे पेंटरने काढला होता तिथेच. दोन वाटसरूंनी वास्तववादी चित्रण म्हणून दादही दिली.

दुसऱ्या वर्षी आम्ही शहाणे झालो. शहाणे झालो म्हणजे हार्डवेअरवाल्या शेठना विचारलं. त्यांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं होतं: पाणी आत जाऊच द्यायचं नाही. त्यांनी एक डबा दाखवला. वर छत्री घेतलेलं हसरं कुटुंब होतं. भिंत खरवडून त्या डब्यातलं रबरासारखं काहीतरी तीन हात लावलं आणि त्यावर नवा समुद्र काढला. सात वर्षांची गॅरंटी. ती गॅरंटी भिंतीची नसून डब्याची होती, हे आम्हाला पुढे जुलैत कळलं. डबे अजून उत्तम स्थितीत आहेत. माझ्या घरी एकात तांदूळ आहेत.

ज्यांनी जुलै महिन्यात आमच्या गावात प्लास्टिकचा रेनकोट घालून सायकल चालवली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. रेनकोटवाला बाहेरून कोरडा असतो आणि आतून चिंब. छत्रीवाला निदान अर्धा तरी वाचतो. आमच्या भिंतीला पाणी पुढून येतच नव्हतं. ते आतूनच होतं. त्याला बाहेर पडायची वाट हवी होती आणि ती आम्ही पैसे मोजून बंद केली. मग भिंत फुगली. आधी चण्याएवढे, मग लिंबाएवढे फुगे. गोकुळाष्टमीपर्यंत हापूसच्या शेजारी टम्म पुरी. सोसायटीतल्या पोरांना स्वर्ग लाभला. शाळेतून येताना प्रत्येकजण कंपासपेटीतलं कर्कटक काढायचा. एक फोडला की आतून पाण्याची चिळकांडी, आणि पाठोपाठ पांढरा भुगा. तो भुगा म्हणजे लोणा. आमच्या आजीच्या वेळीही भिंतीला लोणा लागायचा, पण तेव्हा भिंती मोकळ्या असल्याने तो वर येऊन बसायचा आणि दिवाळीला केरसुणीने झाडून टाकला की विषय संपायचा. इथे तो रंगाच्या मागे अडकला. पाणी वाळताना मिठाचे खडे वाढतात, वाढायला जागा मागतात आणि अंगावरचा रंग ढकलून देतात. चाळीतल्या पोटभाडेकरूसारखं.

त्या वर्षी डॉल्फिन गेला. पावसाळ्याआधी एका केबलवाल्याने त्याच्या पोटातून ड्रिलने भोक पाडलं होतंच. गणेशोत्सवात उरलेलाही गळून पडला. हापूसवर काळे ठिपके आले. बागायतदार मंडळी येता-जाता थांबून बघायची आणि म्हणायची, "करपा पडलाय." एकाने फवारणीसुद्धा सुचवली.

तिसऱ्या वर्षी समिती माझ्याकडे संशयाने पाहू लागली. मी वाचनालय गाठलं. संकटात सापडलेला मराठी मध्यमवर्गीय माणूस एक तर ज्योतिषाकडे जातो, नाही तर वाचनालयात. ज्योतिषाची वेळ मिळाली नव्हती. तिथे मला जो दिलासा मिळाला तो कोणत्याही ग्रहाने दिला नसता. लिओनार्दो दा विंची! खुद्द! त्याने मिलानमध्ये मठाच्या भोजनगृहात 'लास्ट सपर' काढलं ते १४९५ ते १४९८ या काळात. ओल्या गिलाव्यावर भरभर रंगवून मोकळं व्हायचं ही तिथली रीत, पण या गृहस्थाला सावकाश, फेरफार करत काम करायचं होतं. म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर स्वतःचंच काहीतरी मिश्रण लावलं. भिंतीला ओल. वीस वर्षं होण्याच्या आत चित्राचे पोपडे निघायला लागल्याची नोंद आहे. आणि १६५२ मध्ये मठवाल्यांनी तिथलं दार मोठं करायला घेतलं, त्यात येशूच्या पायांचा भागच गेला. मला आमचा केबलवाला एकदम आपला वाटू लागला. परंपरा मोठी आहे त्याची.

हे सगळं मी पुढच्या बैठकीत सांगितलं. खजिनदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या चित्रकाराच्या बिलातले दहा टक्के रोखून धरले होते का?"

इतिवृत्तात सेक्रेटरींनी नोंद केली: 'श्री. लिओनार्दो यांच्या कामाचा अनुभव असमाधानकारक असल्याचे अध्यक्षांनी सांगितले. सबब त्यांचे कोटेशन मागवू नये.'

याच बैठकीत चकाकीचा मुद्दा निघाला. चित्रावर वरून पारदर्शक व्हार्निशचा हात मारावा, म्हणजे रंग बसून राहील आणि चमकेलही. मी अजिंठ्याचा दाखला दिला. निजामाच्या राज्यात १९२० साली अजिंठ्याची चित्रं सांभाळण्यासाठी इटलीहून दोन तज्ज्ञ आणले होते. त्यांनी सुटलेला रंग पुन्हा बसवला, हे त्यांचं मोठंच काम. पण वर लाखेचं व्हार्निश चढवलं, ते पुढे पिवळं पडलं, आणि नंतरच्या लोकांना ते काढत बसावं लागलं. अजिंठ्याची गंमत त्याहूनही मोठी आहे. चित्रं टिकणार नाहीत म्हणून इंग्रजांनी त्यांच्या नकला करवल्या. रॉबर्ट गिल नावाच्या फौजी अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं गुहेत बसून केलेल्या नकलांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली जळाल्या. मग जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्ससाहेबांनी विद्यार्थी घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही कितीतरी १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. माती, तूस आणि गवत कालवलेल्या गिलाव्यावरची मूळ चित्रं इकडे डोंगरात वटवाघळांच्या संगतीत होती तशीच.

"म्हणजे तुमचं म्हणणं काय," सेक्रेटरी म्हणाले, "व्हार्निश मारायचं की लंडनला पाठवायचं?"

व्हार्निश मारलं. पहिला महिनाभर समुद्र असा चमकला की दुचाकीवाले डोळ्यांवर हात धरून जात. मग मागून ओल आली आणि व्हार्निश आधी दुधाळलं, नंतर पिवळं पडलं. दसऱ्यापर्यंत आमच्या समुद्राला कावीळ झाली होती.

यानंतर सल्ले मागावे लागले नाहीत, आपोआप येऊ लागले. कोणाचा भाचा पुण्यात इंटिरियर डिझायनर. त्याने सिलिकेटच्या रंगाची माहिती पाठवली. हा रंग भिंतीवर बसत नाही, भिंतीचाच होतो. दगडाशी दगड होऊन जातो आणि आतली वाफ बाहेर सोडतो. जर्मनीत १८७८ साली त्याचं पेटंट घेतलं गेलं. खजिनदारांनी लिटरचा भाव वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "पेटंट त्यांच्याकडेच राहू दे." कोणी टाइल्स सुचवल्या, कोणी फ्लेक्स. काकूंनी भिंतीची दृष्ट काढावी असं सुचवलं आणि खर्चाच्या मानाने तो सल्ला सर्वांत समंजस होता.

इंजिनिअरसाहेबांनी मात्र एक परीक्षा सांगितली. हातभर प्लास्टिकचा तुकडा घ्यायचा, चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावायचा आणि एक दिवस एक रात्र ठेवायचा. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या बाहेरच्या अंगाला धरले तर दोष हवेचा. आतल्या अंगाला धरले तर पाणी भिंतीतून येतंय. हे काम मी रात्री साडेदहा वाजता करत होतो, कारण दिवसा लोक विचारतात. गस्तीचे पोलीस थांबले.

"काय लावताय?"

"भिंतीची टेस्ट करतोय. ओल कुठून येते बघायला."

हवालदाराने त्या भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ते आख्ख्या गावाला माहितेय, साहेब."

सकाळी थेंब आतल्या अंगाला होते. थेंब कसले, पागोळ्याच. म्हणजे तीन वर्षं आम्ही ज्या पाण्याला पुढून अडवत होतो ते मागून येत होतं. मागे काय आहे?

इथे मला थोडं थांबून घसा साफ करावा लागतो.

मागे माझं परसदार आहे. मी तळमजल्यावर राहतो. जमीन उताराची असल्याने माझ्या बाजूची माती रस्त्यापेक्षा अडीच फूट उंच. ती सगळी या भिंतीला टेकून उभी. आणि त्या मातीत माझं अळू. आमच्याकडे अळू लावायची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे: मोरीचं पाणी जिथे सुटतं तिथे. भांड्यांचं पाणी, आंघोळीचं पाणी, सगळं त्या अळूला. पानं सुपाएवढी, देठ काळेशार, आणि मुख्य म्हणजे खाजरं नाही. सोसायटीत कोणाकडे पाहुणे आले की निरोप आमच्याकडे येतो. भित्तिचित्र समितीच्या प्रत्येक बैठकीला, म्हणजे ओल कुठून येते या विषयावरच्या प्रत्येक चर्चेला, आमच्या हिने याच अळूच्या वड्या केल्या होत्या.

तुम्हाला वाटेल की थेंब पाहताच मला साक्षात्कार झाला. तसं काही झालं नाही. माणसाला स्वतःच्या अळूचा संशय येत नाही. मी समितीला अहवाल दिला, की ओलीचं मूळ भूगर्भात खोल असून निश्चित कारण सांगणं कठीण आहे.

कारण सांगितलं लांज्याकडच्या एका म्हाताऱ्या गवंड्याने. तो समोरच्या बंगल्याचं चिऱ्याचं काम करायला आला होता. मी त्याला चहाला बोलावलं आणि भिंत दाखवली. चित्राकडे त्याने बघितलंही नाही. भिंतीच्या माथ्यावर हात फिरवला. माथा सपाट होता, पाणी उभं राहून आत मुरत होतं. मग वाकून पायथ्याशी माती उकरली. मग वळसा घालून मागे गेला आणि मोठा वेळ अळूकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हाही दोन पानं मागणार.

"हे कुणाचं?"

"माझंच."

"डोक्यावर इरलं न्हाय," तो बोटं मोजत म्हणाला, "पायात खडी न्हाय, पाठीला अळू. आनि तुमी पुढनं पावडर लावताय."

मग त्याने विचारलं, की मातीचं पाणी बाहेर पडायला भिंतीत नळ्या असतात, त्या कुठे गेल्या? नळ्या होत्या. चार होत्या. पहिल्या वर्षी पेंटरने विचारलं होतं, की होडीच्या मधोमध भोक दिसतंय, काय करू? आणि समितीच्या अध्यक्षाने, सौंदर्यदृष्टीने, ती चारही भोकं सिमेंटने बुजवायला सांगितली होती. बी ग्रेड.

मी गवंड्याला म्हणालो, "हे तूर्त आपल्यातच राहू दे." तो हो म्हणाला. तो खरोखर कोणाला काही बोलला नाही. फक्त जाताना वॉचमनला म्हणाला, की तुमच्या साहेबांचं अळू लई भारी आहे, भिंत आख्खी खाल्ली त्यानं.

तोवर मी मात्र उपाय शोधायला दक्षिणेकडे गेलो होतो. सिंधुदुर्गात आणि गोव्यात जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीचं काम दिसतं, लालावर पांढरं. चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर लाल हुरमुंजीचा पातळ थर, आणि सगळं ओलं असतानाच टोकदार हत्याराने लाल थर खरवडून आतला पांढरा उघडा करायचा. वेली, मोर, फुलं, देव. त्यांच्याकडेही तोच पाऊस, तोच चिरा. तरी काम टिकतं. कारण तिथे चित्र भिंतीवर नसतंच, चित्र हीच भिंत. सोलायला वेगळं सालच नाही. चुना हवेतला वायू पिऊन पुन्हा दगड होतो आणि भिंतीतली वाफही जाऊ देतो. एका देवळात मी तास-दीड तास बसलो. पुजाऱ्याला वाटलं, घरी मुलीचं लग्न जुळत नसावं.

परत येऊन मी बैठकीत चुन्याची बाजू मांडली. कळीचा चुना भिजवायचा, वाळूबरोबर मळायचा, गुळाचं पाणी घालून मुरवायचा...

"गूळ?" काकू म्हणाल्या. "मुंग्या लागतील."

"आणि किती दिवस मुरवायचा?" सेक्रेटरी.

"आठवडे लागतील."

अठ्ठावीस दिवस न थांबलेली मंडळी एकमेकांकडे बघू लागली. तेवढ्यात वॉचमन वड्यांची ताटली घेऊन आत आला आणि अत्यंत निरागसपणे म्हणाला, "साहेब, ते भिंत खाणाऱ्या अळूच्या वड्या आल्या."

पुढची पाच मिनिटं मी वर्णन करत नाही. इंजिनिअरसाहेबांनी मागचं परसदार, मातीची उंची आणि मोरीची नळी यांचा छेद कागदावर काढला. खजिनदारांनी तीन वर्षांच्या रंगाचा खर्च मोठ्याने वाचला. पुण्याहून आलेला तरुण सभासद काहीच बोलला नाही, पण मनुष्यस्वभावाविषयीचं त्याचं मत त्या संध्याकाळी बदललं असावं. ठराव आला: अळू तात्काळ काढावं. एवढं बोलून सगळ्यांनी वड्या खाल्ल्या. खाता खाता काकूंनी विचारलं, "तात्काळ म्हणजे कधी?"

"म्हणजे याच महिन्यात."

"ऋषिपंचमी आहे. ऋषीच्या भाजीला काय घालू?"

"मग गणपतीनंतर."

"गौरीच्या जेवणाला अळूचं फतफतं नको? आणि लगेच पितृपंधरवडा. वड्यांशिवाय श्राद्धाचं पान वाढायचं?"

सेक्रेटरी म्हणाले, की ठीक आहे, दसऱ्यानंतर. तेव्हा खजिनदार, ज्यांनी आत्ताच खर्च वाचला होता ते, हळूच म्हणाले, "दसऱ्याला आमच्याकडे जावई यायचेत." इंजिनिअरसाहेबांनी सहावी वडी उचलली, उजेडात धरून तिचे थर पाहिले आणि निर्णय दिला: "न खाजणारं अळू आणि न निघणारा रंग, दोन्ही दुर्मिळ. त्यातलं एक आपल्याकडे आहे."

ज्या उपायांनी अळूला इजा होणार नव्हती ते सगळे मग झपाट्याने मंजूर झाले. भिंतीच्या माथ्यावर उताराची कडप्प्याची पट्टी बसवली, दोन्हीकडे दोन इंच बाहेर आणि खालच्या अंगाला खाच, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता तिथूनच खाली टपकतं. पायथ्याशी चर खणून खडी भरली. चारही नळ्या उघडल्या. त्यातली एक बरोबर होडीच्या पोटात आहे, त्यामुळे पावसाळ्यात आमच्या होडीतून पाण्याची धार पडत असते. परगावचे लोक गाडी थांबवून नाखव्याला ओरडून सांगतात. मोरीची नळी वळवायची तीन कोटेशनं मागवली आहेत. दोन आली आहेत. तिसरं येऊ नये म्हणून काकू, खजिनदार आणि मी आपापल्या परीने प्रयत्न करतो आहोत.

निकाल असा लागला की अडीच फुटांच्या वरचं सगळं टिकलं. आभाळ दोन पावसाळे जसंच्या तसं आहे, दीपस्तंभाचा वरचा अर्धा भाग ठणठणीत आहे, हापूसचा करपा गेला. अडीच फुटांच्या खाली, म्हणजे जिथवर माझी माती आणि माझं अळू आहे तिथवर, समुद्र दर वर्षी जातो. तिथला सिमेंट आम्ही काढून टाकला आणि चुन्याचा गिलावा केला. (मुंग्या लागल्या नाहीत. काकू अजून वाट बघत आहेत.) त्यावर चुन्यात नीळ कालवून समुद्र फासतो. त्याचे पोपडे निघत नाहीत, तो नुसता भुरभुरत झिजतो, आणि लघवीला येणाऱ्यांच्या पाटलोणीला निळा पट्टा लागतो. त्यामुळे तो मूळ हेतूही हळूहळू साध्य होतो आहे, कारण घरी गेल्यावर पट्ट्याचं कारण सांगावं लागतं.

वारल्यांच्या घरी लग्नात सवाष्णी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, आणि पुढच्या लग्नाला पुन्हा लिहितात. पिठाची गॅरंटी कोणी विचारत नाही. हे मला आधी कळतं तर मी शेजारच्या सोसायटीची वारली पाहून नाक मुरडलं नसतं. आता दिवाळीच्या आधी एका दुपारी एक पोरगा येतो, दोन बादल्या चुना आणि निळीची पुडी घेऊन. चार तासांत समुद्र नवा. मजुरी आणि वर अळूची जुडी.

परवाही तो आला होता. मी मागे विळीला धार लावून पानं कापत होतो. भिंतीवरून त्याचं डोकं वर आलं.

"काका, लाटांना मारायला पांढरा डबाभर आणू का?"

"नको रे," मी म्हणालो, "तो येतो आपोआप. तुळशीच्या लग्नापर्यंत थांब."